यश कोणत्या काट्यावर मोजायचं?

प्रश्न: काका, मी 29 वर्षांचा. पुण्यात पाच वर्षं कंपनीत होतो. बाबांना अर्धांगवायू झाला म्हणून तीन वर्षांपूर्वी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो. सात एकर कोरडवाहू आहे. कापूस, सोयाबीन, तूर घेतो. माझ्यासोबतची पोरं फ्लॅट घेत आहेत आणि माझ्या हातात मागच्या दोन हंगामांत काही उरलं नाही. लग्न जमत नाही. नातेवाईक म्हणतात, पोरगं वाया गेलं. यश पैशाच्या पलीकडे काही असतं का? की ती हरलेल्यांनी स्वतःची घातलेली समजूत आहे?

उत्तर:

तू मला काका म्हटलंस, म्हणून मीही अरेतुरेवर येतो. कृषी सहायक म्हणून लागलो, पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली 32 वर्षं यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या वावरांत गेली. अजूनही खरिपाच्या तोंडावर लोकांचे फोन येतात. तुझा प्रश्न वाचून दोन दिवस मी काही लिहिलं नाही, कारण त्यातलं शेवटचं वाक्य टाळून उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही.

हो, पुष्कळदा ती समजूतच असते. 'पैशात काय ठेवलं आहे' असं म्हणणारे मला दोन प्रकारचे भेटले. काहींकडे पैसा भरपूर होता, बाकीच्यांना कुणाकडे मागायची लाज वाटत होती. पहिल्यांचं ऐकून तुझं घर चालणार नाही. दुसऱ्यांचं ऐकलंस तर अडचण लपवायची सवय लागेल, आणि ती फार वाईट. म्हणून आधी पैशाचं बोलतो.

घराचं साल निघालं पाहिजे. वर्षभराचं धान्य-किराणा, बाबांची औषधं, कर्जाचा हप्ता आणि पुढच्या पेरणीचं बी-खत. ही बेरीज कागदावर मांड. मी ज्या घरांत बसलो त्यांतल्या फार थोड्यांना आपली ही बेरीज माहीत होती. बाकीच्यांना फक्त देणं माहीत होतं. तुझी बेरीज भरत नसेल तर यशाचा विचार थोडा बाजूला ठेव. शेळ्या पाळ, तालुक्याला अर्ध्या दिवसाचं काम धर, तीन एकर मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर भाड्याने दे, जुन्या कंपनीचं घरून होण्यासारखं काम असेल तर ते मागून पाहा. यातलं काहीही कमीपणाचं नाही. कृषी केंद्राची उधारी मात्र आधी तोड. उधारीवर घेणाऱ्याला दुकानदार देईल ते औषध आणि लावेल तो भाव घ्यावा लागतो. मग कोणती फवारणी, केव्हा, किती, हे तुझ्या वावरात दुसराच ठरवतो.

आता ही बेरीज भरली असं धरू. तिच्या वरचा जो पैसा, त्यावर आपल्याकडे माणसाची किंमत करतात, आणि माझं भांडण तिथे आहे. कोरडवाहू शेतीत तो पैसा नेमकं काय मोजतो ते पाहा. 2021 च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये असताना आपल्या बाजार समित्यांत ते चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. 2022 च्या उन्हाळ्यात कापूस दहा हजारांच्या वर होता, नंतर उतरला. वावर तेच, माणूस तोच, डवरण्या, म्हणजे पिकाच्या ओळींतून डवरा फिरवणं, तेवढ्याच, निंदणाची मजुरी उलट वाढलेली. तो माणूस 2022 मध्ये हुशार होता आणि 2024 मध्ये मूर्ख झाला का? जिनिंगच्या काट्यावर कापसाचं वजन कळतं. भाव रुई आणि सरकीच्या बाजारात, आयात-निर्यातीच्या निर्णयात ठरतो, आणि पाऊस तर कुणाच्याच हातात नाही. विक्रीच्या पट्टीवर जो आकडा येतो त्यात तुझ्या कष्टाचा वाटा आहे, पण तो आकडा म्हणजे तू नाहीस.

2017 मध्ये तू कॉलेजात असशील. त्या हंगामात गुलाबी बोंडअळी आली तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, बाहेरून हिरवीगार होती, बोंडांनी लदलेली. बोंड फोडलं की आत अळी आणि कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस. मी अशाही वावरात उभा राहिलो जिथे शेतकऱ्याची एकही चूक मला दाखवता आली नाही. वेळेवर पेरणी, अंतर बरोबर, खत बरोबर. त्याचा मुलगा मला विचारत होता, "साहेब, मंग आमचं चुकलं काय?" त्याला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. तुला हे लिहिताना मी त्यालाही उत्तर देतो आहे.

मला हे आधीपासून कळत होतं असं मात्र समजू नकोस. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी स्वतः माणसं पिकाच्या एकरी उताऱ्यावर मोजली. वरून लक्ष्यांक यायचे, प्रात्यक्षिकं लावायचो, आणि एकरी सगळ्यात जास्त ॲव्हरेज काढणाऱ्याला शाल-श्रीफळ द्यायचो. वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा सत्कार मीच घडवून आणला होता. पेपरात फोटो आला, गावात तो प्रगतिशील शेतकरी म्हणून ओळखला जाऊ लागला, त्याच्या वावरात सहली जाऊ लागल्या. ते नाव टिकवायला त्याने कर्ज काढून बोअर मारली. कोरडी गेली. म्हणून दुसरी मारली. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षं पीक गेलं. तो पारावर यायचा थांबला. लग्नाला नाही, मयतीला नाही. एका संध्याकाळी त्याच्या बायकोने निरोप पाठवला म्हणून गेलो. तो गोठ्यात अंधारात बसला होता. मला म्हणाला, "कोन्त्या तोंडानं बाहीर निघू साहेब? तुमीच त सांगतलं होतं गावाले, याच्यासारखा कास्तकार नाही म्हणून."

कर्ज त्याचं होतं. पण ती लाज त्याच्या घरात मी नेऊन ठेवली होती.

त्या रात्री त्याचा मेहुणा, शेजारी आणि मी तिथेच जागलो. पुढच्या आठवड्यात सगळं देणं एका कागदावर आणलं, बँकेत जाऊन कर्जाचं पुनर्गठन मागितलं. हे सगळं लागलंच. पण त्याला घराबाहेर काढलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मृग लागला आणि गल्लीतला एक म्हातारा त्याच्या दारात आला. म्हणाला, "तिफन धरायले चाल बाप्पा, माह्या पोराचे तास वाकडे जातेत." तिफण म्हणजे बैलांनी ओढायची पेरणीची पाभर. ती धरण्यात त्या माणसाचा हात गावात कुणाला नव्हता. त्याने धरली की तास दोरीने आखल्यासारखे पडत. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या नरसाळ्यावर, मूठ धरणाऱ्या बाईला त्याच्या चालीचा अंदाज येई आणि बी सारखं सुटे. तास सरळ असले की पुढे डवरणीत झाडं कापली जात नाहीत, निंदायला बाया कमी लागतात. त्या एका कसबाचा फायदा पार दिवाळीपर्यंत वावरात दिसतो. आमच्या सत्काराच्या कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. त्या जूनमध्ये त्याने चार घरची पेरणी करून दिली, आणि पोळ्याला आपली जोडी घेऊन तोरणाखाली उभा राहिला.

आता तुझा 'समजूत' हा शब्द. समजूत कोणती आणि खरं यश कोणतं हे ओळखायला मी एक परीक्षा लावतो. समज, उद्या कापसाला बारा हजार भाव आला, वावरही पिकलं, हातात पैसा खेळू लागला. त्या दिवशीही तू स्वतःला त्याच गोष्टीवर मोजशील का, ज्यावर आज मोजतोस? मोजशील तर ते माप खरं आहे. पैसा येताच ते अडगळीत टाकशील, तर आज तू फक्त मनाची समजूत घालतो आहेस. त्या तिफणवाल्याला नंतर बरी वर्षंही आली. ट्रॅक्टर आला, गावात तिफणी कमी झाल्या. तरी ज्यांच्या घरी बैलजोडी आहे त्यांच्या पोरांना तो तास धरायला शिकवत राहिला. बरी वर्षं आल्यावर तो त्या परीक्षेत उतरला, असं मी समजतो.

कामाचं म्हणशील तर माझं पहिलं माप हे की निर्णय आणि निकाल वेगळे ठेवायचे. एक वही कर. पेरणीच्या आधी लिही की कोणतं वाण घेतलं, का घेतलं, किती ओल पाहून पेरलं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं आम्ही दरवर्षी सांगत आलो. तू तेवढा पाऊस होऊ दिलास, पेरलंस, आणि मग वीस दिवसांचा खंड पडून पीक माना टाकू लागलं, तरी तुझा निर्णय बरोबर होता. शेजाऱ्याने पावसाआधीच कोरड्यात धूळपेरणी केली, त्याची साधली, त्याचं पीक तुझ्यापुढे दहा दिवस गेलं, तरीही तुझा निर्णय बरोबरच राहतो. निकालावरून निर्णय ठरवणारा माणूस पुढच्या वर्षी शेजाऱ्याची नक्कल करतो आणि दुबार पेरणीत अडकतो. असे मी खूप पाहिले. ही वही चार-पाच वर्षं चालव, तुझ्या कामाचा दर्जा तुला दिसू लागेल. दुसऱ्या कुणाला तो लवकर दिसणार नाही, हेही खरं.

दुसरं माप शेजाऱ्याचं. त्यासाठी फरदडीचं, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या कपाशीचं, उदाहरण देतो, कारण यवतमाळात राहून तुला ते दरवर्षी भेटणार आहे. डिसेंबरपर्यंत कापसाचे मुख्य वेचे संपतात. विहिरीला पाणी असेल तर पऱ्हाटी तशीच ठेवून, एक-दोन पाणी देऊन आणखी काही क्विंटल काढण्याचा मोह होतो. तो हातचा पैसा असतो, मुलीच्या फीचा असतो, मी त्याला कमी लेखत नाही. पण गुलाबी बोंडअळी कापसाशिवाय फारशी कशावर जगत नाही. फरदड ठेवली की तिला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. ती सरकीत, वाळल्या बोंडांत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचलेल्या पऱ्हाट्यांत सुप्त पडून राहते. पावसाबरोबर पतंग बाहेर येतात आणि कुणाच्या तरी लवकर पेरलेल्या कपाशीत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसू लागतात. तो कुणीतरी बहुतेक वेळा तुझा शेजारी असतो. शिवारात पाच-सहा महिने कापूस नसेल तर तिची साखळी तुटते. पण हे एकट्याने करून भागत नाही. पतंग धुरा पाहून थांबत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात एकाने सुरुवात केली. विहिरीला पाणी असूनही डिसेंबरअखेर पाच एकर पऱ्हाटी उपटली. लोकांनी वेड्यात काढलं. बायकोनेही बोलणी ऐकवली, आणि तिचं चुकलं नव्हतं, कारण पैसा घरातला गेला. तो दारोदार फिरला, नर पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे कसे लावायचे ते दाखवलं, एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले तर अळी नुकसानीच्या पातळीला पोचली असं समजायचं, ते शिकवलं. दुसऱ्या वर्षी त्याच्यासोबत सात-आठ घरं आली, तिसऱ्या वर्षी अर्धं शिवार. त्या माणसाचं एकरी ॲव्हरेज मला आता आठवत नाही. पण कुणी मला यशस्वी शेतकरी दाखवा म्हटलं तर मी त्याच्या गावाला घेऊन जाईन. त्याच्या त्या वर्षीच्या नुकसानीतून अर्ध्या शिवाराचं बोंड वाचलं.

इथे मला दादाजी खोब्रागडे यांचं नाव घेतल्यावाचून राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शाळा तिसरीपर्यंत, जमीन थोडकी. 1980 च्या दशकात त्यांना बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वेगळ्या लावल्या, वर्षानुवर्षं निवड करत गेले आणि त्यातून बारीक दाण्याचं, चवीला चांगलं वाण उभं राहिलं. त्या काळी लोकांच्या मनगटावर एचएमटी घड्याळं होती, त्यावरून त्याला एचएमटी हे नाव पडलं. पुढे त्यांनी आणखीही वाणं काढली. बियाणं लोकांना देत राहिले. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये फोर्ब्सच्या यादीत नाव आलं, आणि जून 2018 मध्ये ते गेले तेव्हाही घरातली चणचण संपलेली नव्हती.

त्यांच्याबद्दल बोलताना लोक दोनपैकी एक चूक करतात. कुणी म्हणतं, एवढं करून हाती काय लागलं? कुणी त्यांच्या गरिबीलाच हार घालतं, जणू पैसा न मिळणं हाच मोठेपणा. मला दोन्ही खटकतं. त्यांना पैसा मिळायला हवा होता. मिळाला नाही, तो आपल्या व्यवस्थेचा दोष आहे आणि त्याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. आणि तरी लोंबी ओळखणारी ती नजर, दरवर्षी बी वेगळं राखण्याचा तो धीर, हे यश पूर्ण होतं. पैसा आला असता तर त्यांचं घर सुखाने जगलं असतं. वाण तेच राहिलं असतं.

घराचं बोलतो. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वात लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा पुष्कळ शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती. त्यातल्या काही घरांत पुढे माझं येणं-जाणं राहिलं. बाईचं नाव सातबाऱ्यावर असलेल्या त्या घरांत मला एक फरक दिसला. बँकेची नोटीस आली की दोघं मिळून वाचत. बाकी घरांत मी ती फोटोच्या मागे, गादीखाली, कोठीत खोचलेली पाहिली आहे. तुला साधं विचारतो. तुझ्यावर एकूण किती देणं आहे, हे आईला माहीत आहे का? नसेल तर आज सांग. घरातल्या माणसाला आपलं देणं खाली मान न घालता सांगता येणं, हे मी यशात धरतो. ज्यांना ते सांगता आलं ती घरं पडत्या वर्षातून निघाली, हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

बाबांचंही यातच येतं. अर्धांगवायू झालेल्या बापाला उठवणं, बसवणं, त्यांचा हात चालवून घेणं, हे तू तीन वर्षं करतो आहेस. नातेवाईक त्याला 'पोरगं घरी बसलं' म्हणतात. तू ते ऐकून गप्प बसतोस, असं तुझ्या लिहिण्यावरून वाटलं. बाबांना शक्य असेल तर बैलगाडीत नाहीतर ऑटोत बसवून पहिल्या वेच्याला वावरात ने. सीतादही, म्हणजे वेचणीच्या सुरुवातीची पूजा, त्यांच्यासमोर कर. हे मी शेतीचा माणूस म्हणून सांगत नाही. माझे वडील आजारी असताना मी प्रात्यक्षिकांच्या मागे धावत होतो, आणि तो हिशोब माझ्याच्याने अजून मिटलेला नाही.

लग्नाचं मी गोड बोलणार नाही. नोकरीवालाच जावई पाहिजे, ही मुलीकडच्यांची अट तुझ्या एकट्याच्या वाट्याला आलेली नाही, आणि त्यांची भीतीही पोकळ नाही. त्यांनी शेतकऱ्याच्या घरात दिलेल्या मुलींचे हाल पाहिले आहेत. तू फक्त एवढं कर, की बघायला जाशील तेव्हा सात एकर कोरडवाहू आणि देणं किती, हे सरळ सांग. ट्रॅक्टर भावाचा असेल तर आपला म्हणू नकोस. वर लिहिलेली सालाची बेरीज त्या घरासमोर ठेवता आली तर ठेव. त्याने लग्न ठरेलच असं नाही. पण ठरलं तर पहिल्या वर्षातच खोटेपणा उघडा पडणार नाही.

आणि पुण्याला परत जावंसं वाटलं तर जा. बाबांची सोय लावून, वावर चांगल्या माणसाला मक्त्याने देऊन गेलास, तर ती हार आहे असं मी म्हणणार नाही. शेतीत राहणं हेच यश, असं सांगणारेही माणसाला त्या सात एकरांतच मोजतात. तुझी परीक्षा तिथेही तीच राहील. पॅकेज वाढल्यावरही तू आज ज्यावर स्वतःला मोजतोस त्यावर मोजशील का?

एक विनंती, आणि ही काका म्हणून. रात्री झोप लागत नसेल, लोकांत जावंसं वाटत नसेल, आपण नसतो तर बरं झालं असतं असा विचार एकदा जरी आला असेल, तर 14416 या टेली-मानसच्या नंबरवर फोन कर. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. गोठ्यात बसलेल्या त्या माणसाकडे तेव्हा असा नंबर नव्हता. त्याच्या बायकोने निरोप पाठवला म्हणून आम्ही पोचलो.

आता मे महिन्यातलं काम. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलं असशील तर पेरणीच्या आधी उगवण तपास. ओलं गोणपाट अंथर, दहा-दहाच्या दहा रांगांत 100 दाणे ठेव, वरून दुसरं ओलं गोणपाट घालून हलक्या हाताने गुंडाळी कर, सावलीत ठेव आणि रोज पाणी शिंपड. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोज. 70 किंवा जास्त आले तर एकरी 30 किलो टाक. 60-65 आले तर त्या मानाने बी वाढव. फार कमी आले तर ते बी पेरू नकोस. गुंडाळी उघडताना बाबांना जवळ बसव, मोजणी त्यांना करू दे. आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि मला कळव.